ती झोप नव्हती

काकूंनी आमच्या दारात पाऊल टाकणं सोडलं, त्याला दोन-अडीच महिने झाले होते. आम्ही मध्य प्रदेशातल्या बालाघाटात एकाच वॉर्डात राहतो, रेल्वे फाटकाच्या अलीकडे. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये चार घरं आणि एक हातपंप. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. पण त्यांचं आणि माझ्या आईचं माहेर भंडाऱ्याकडचं एकच गाव, त्यामुळे आई गेल्यावर त्याच मला आईच्या जागी होत्या. माझं शिवणकाम आहे. समोरच्या खोलीत मशीन, त्याच्यामागे आतली खोली. मी मशीन घेतल्यापासून काकूंचा एकही ब्लाउज दुसऱ्याच्या हातचा नव्हता.

मग त्यांचा एकुलता एक मुलगा गेला आणि त्या यायच्या थांबल्या.

त्यांचं काही चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. कारण आमच्याच घरात होतं. माझा धाकटा भाऊ मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत एका ठेकेदाराकडे डंपर चालवायचा. तिथे कमरेला मार लागला, म्हणून दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. कंबर बरी झाली तरी गोळ्या सुटल्या नाहीत, आणि गोळ्यांवरून तो ब्राउन शुगरच्या पावडरवर गेला. काम सुटलं, तो माझ्याकडे राहायला आला. काकूंचा मुलगा आणि तो पहिलीपासून एका बाकावरचे. पहिली पुडी त्याला माझ्याच भावानं दिली. हे वॉर्डात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि काकूंनाही.

काकूंनी मुलाला नागपूरकडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं होतं. तो परत आला तेव्हा गाल भरलेले, डोळे स्वच्छ, आवाज लहानपणीसारखा. काकूंनी वॉर्डभर बुंदी वाटली. आठवडाही गेला नसेल, भर दुपारी तो घरातच गेला. दवाखान्यात सांगितलं की नशा जास्त झाली. आम्हाला कोणालाच ते कळेना. दोन-दोन वर्षं रोज घेत होता तेव्हा काही झालं नाही, आणि सगळं सोडून आल्यावर एवढ्याशा पुडीनं माणूस जातो कसा? कोणी म्हणालं हृदय कमजोर होतं, कोणी म्हणालं कोणाची तरी नजर लागली.

त्याला न्यायच्या वेळी माझा भाऊ लांब हातपंपाजवळ उभा होता. जवळ ये, असं त्याला कोणी म्हटलं नाही. मीही नाही. त्या दिवसापासून तो आतल्या खोलीत शिरला आणि त्यानं आपल्या मनानंच सगळं बंद केलं. उलट्या, जुलाब, नाकाडोळ्यांतून पाणी, आणि उन्हाळ्याच्या उकाड्यात अंगावर काटा. पाय तर असे झाडायचा की भिंतीजवळची लोखंडी पेटी वाजत राहायची. सगळ्यांत वाईट म्हणजे त्याला झोप नव्हती. सकाळी मी चहा घेऊन गेले की तो भिंतीला टेकून छपराकडे बघत बसलेला असे. हळूहळू तो दोन घास खायला लागला, दाढी केली, माझ्या मशीनला तेलही घालून दिलं. मला वाटलं, आता आपण नदी ओलांडली.

आषाढातली दुपार होती ती. शाळा सुरू झाल्यामुळे माझ्यापुढे ड्रेसच्या कापडाचा ढीग पडला होता. भाऊ सकाळी ‘जरासा फिरून येतो’ म्हणून गेला होता. तो आला आणि दारातूनच म्हणाला, "ताई, मले झोप येऊन राह्यली."

हे ऐकून मला किती आनंद झाला! मी त्याला चटई टाकून दिली, पंखा पाचवर केला. थोड्या वेळानं आतून घोरण्याचा आवाज यायला लागला. जाडसर, ओलसर आवाज होता, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारा. मशीनच्या खडखडाटानं त्याची झोप मोडेल म्हणून मी मशीन बंद केलं आणि हातानं टीप घालत बसले. तो आवाज माझ्या कानाला गोड लागत होता. माझा भाऊ झोपला होता.

तेवढ्यात दारात सावली पडली. काकू उभ्या होत्या, हातात एक पिशवी.

मला उठायचंही सुचलं नाही. त्यांनीच पिशवीतून पांढरं कापड काढून मशीनवर ठेवलं.

"वर्षावास लागून राह्यला," त्या म्हणाल्या. "विहारात बसाले पांढरा ब्लाउज पाह्यजे."

"बसा न काकू."

"बसत नाई. माप घे." मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दुसरीकडे टाकला होता एक. गळा नाई बसला."

मी टेप घेतला. त्या इतक्या उतरल्या होत्या की जुनं माप काही कामाचं नव्हतं. मी त्यांच्या खांद्यावर टेप धरला होता, आकडा वाचत होते, आणि एकदम त्यांनी माझं मनगट पकडलं.

"कोन घोरून राह्यलं?"

"भाऊ होय. लई दिसानं झोप लागली त्याले."

त्यांनी मान वाकडी करून ऐकलं. आवाज आला, थांबला. पुन्हा यायला फार वेळ लागला. काकूंचा चेहरा मी त्या क्षणी बघितला, आणि तो मला सांगता येत नाही. त्या पांढऱ्या पडल्या असं लोक म्हणतात तसं नव्हतं. जणू कोणीतरी त्यांना लांबून हाक मारली आणि त्यांनी ती ओळखली.

"झोप नोहे वं ते!" त्या ओरडल्या, आणि गळ्यात टेप लटकत असतानाच आत धावल्या.

मी मागोमाग गेले. भाऊ उताणा पडला होता. ओठ जांभळे, नखं जांभळी. काकूंनी त्याला हाक मारली, गालावर चापटा मारल्या, मग मूठ वळून छातीच्या हाडावर जोरात रगडली. तसं रगडलं तर मेलेलाही ओरडेल असं वाटत होतं. तो हललासुद्धा नाही. आणि घोरणं बंद झालं.

खोलीत फक्त पंख्याचा आवाज उरला.

काकू गुडघ्यावर बसल्या. त्यांनी एका हातानं त्याची हनुवटी वर उचलली, दुसऱ्या हातानं नाक दाबलं, आणि आपलं तोंड त्याच्या तोंडावर ठेवून फुंक घातली. माझ्या भावाची छाती वर आली. मी ती वर येताना पाहिली. काकू बाजूला झाल्या तशी ती खाली गेली. त्यांनी पुन्हा फुंक घातली.

दोन फुंकांच्या मध्ये त्या मला म्हणाल्या, "ऑटो आन. उभी नोको राहू."

आमचे मालक, म्हणजे भावाचे दाजी, राइस मिलवर कामाला गेले होते. शेजारचा ऑटोवाला नेमका जेवायला घरी आला होता, तो ताटावरून तसाच उठला. आम्ही तिघांनी मिळून भावाला मागच्या सीटवर आडवं केलं. काकू त्याच्या डोक्याशी, खाली बसायच्या जागेत दोन्ही गुडघे टेकून. मी पाय धरून. वॉर्डातली माणसं दारात येऊन उभी राहिली होती.

फाटक बंद होतं. गोंदियाकडून मालगाडी येत होती. एकेका डब्यागणिक मला वाटत होतं की आता संपलं. ऑटोवाला हॉर्न वाजवून-वाजवून रडकुंडीला आला. काकूंनी मात्र एकदाही गाडीकडे पाहिलं नाही. फुंक घालायची, बाजूला व्हायचं, छाती खाली जाताना बघायची, मनात काहीतरी मोजायचं, पुन्हा फुंक घालायची. मोटारसायकलवाले वळून बघत होते. कोणीतरी म्हणालं, "क्या हुआ माताजी, आपका लड़का है?"

काकूंनी वर मान करून फक्त एवढंच म्हटलं, "हौ." आणि पुन्हा खाली वाकल्या.

मी माझ्या आयुष्यात पुष्कळ मोठी माणसं पाहिली आहेत, भाषणं ऐकली आहेत, विहारात करुणेवर प्रवचनं ऐकली आहेत. त्या ऑटोत मला पहिल्यांदा वाटलं की आपल्यासमोर काहीतरी घडतंय आणि ते समजायला आपली बुद्धी पुरणार नाही. ज्यानं हिच्या पोराला पहिली पुडी दिली, त्याच्या छातीत ही आपला श्वास भरत होती.

सरकारी दवाखान्यात नर्सनं त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या. टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. एक बाई डॉक्टर धावत आल्या. शीर सापडेना म्हणून त्यांनी दंडातच इंजेक्शन दिलं. मी भिंतीला धरून उभी होते. काही क्षण काहीच झालं नाही. मग त्याच्या बोटांची थरथर सुरू झाली. ओठांचा जांभळा रंग असा उतरत गेला, जसं दुधात पडलेलं काजळ कोणी बोटानं काढून घ्यावं. त्यानं एक मोठा, खरखरीत श्वास स्वतःहून घेतला, डोळे उघडले, आणि रागानं इकडेतिकडे बघत म्हणाला, "काहून उठवलं मले? थंडी वाजून राह्यली."

मला हसू आलं की रडू, ते आठवत नाही. माणूस तिकडे जाऊन परत येतो, आणि आल्याबरोबर थंडीची तक्रार करतो!

काकू मात्र तिथेच फरशीवर बसल्या. पाय पसरून, भिंतीला डोकं टेकून. त्यांच्या गळ्यात अजून माझा टेप होता.

डॉक्टरांनी त्यांना ओळखलं. "आप फिर आई हैं," त्या हळूच म्हणाल्या. मग मला त्यांच्याकडूनच कळलं की मुलगा गेल्यावर काही दिवसांनी काकू एकट्याच इथे आल्या होत्या. रडायला नाही, भांडायलाही नाही. मी काय करायला हवं होतं ते मला सांगा, एवढंच विचारत होत्या. डॉक्टरांनी त्यांना बसवून घेतलं आणि सगळं सांगितलं. श्वास कसा बघायचा, मान कशी उचलायची, फुंक कशी घालायची, हे उशीवर करून दाखवलं. ज्याच्यासाठी शिकायचं तो गेला होता, तरी काकू शिकून गेल्या होत्या.

"अभी खतरा टला नहीं है," डॉक्टर मला म्हणाल्या. "पाउडर का असर लंबा चलता है, इस इंजेक्शन का छोटा. ये फिर सो सकता है. नज़र मत हटाना."

मी त्यांना विचारलं की त्यानं तर किती दिवस हात लावला नव्हता, मग एवढ्यानं असं कसं झालं. त्या म्हणाल्या, "इसी वजह से हुआ. छोड़ने के बाद शरीर की सहने की ताक़त चली जाती है. आदमी पुराना नाप लेता है, शरीर नया हो चुका होता है."

काकूंनी हे माझ्याआधीच ऐकलं होतं.

त्या दिवशी त्या घरी गेल्या नाहीत. मालक मिलवरून आले, ऑटोवाल्याच्या बायकोनं भात आणि वरण पाठवलं, भाऊ एकदा पुन्हा गुंगीत गेला, पुन्हा इंजेक्शन दिलं, पुन्हा जागा झाला. काकू खाटेशेजारी स्टुलावर, उजवा हात त्याच्या छातीवर ठेवून. मी म्हटलं, "काकू, मी बसतो, तुमी जरा पडा." त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

संध्याकाळी दवाखान्यात दिवे लागले तेव्हा त्या आपणहून बोलल्या.

"तो केंद्रातून आला न, मंग गेला त्या दिवशीची गोठ सांगतो तुले. वड्याची भाजी केलती. पोटभर जेवला. मले म्हने, आई, झोपतो. म्या म्हटलं, झोप बाप्पा, झोप. मंग घोराले लागला. म्या टीव्हीचा आवाज कमी केला. त्याच्या अंगावर चादर टाकली. शेजारीन आली तं म्या तोंडावर बोट ठेवलं, म्हटलं, पाह्य कसा झोपला माहा पोट्टा." त्या थांबल्या. "त्याच्याजवळ लाखोळीची दाळ निवडत बसली मी. तो घोरून राह्यला अन् मी खुश. मंग आवाज थांबला. मले वाटलं, कूस बदलली."

मी त्यांचा मोकळा हात हातात घेतला. आज दुपारी मशीन बंद करून मीही तशीच बसले होते. त्या ब्लाउज टाकायला आल्या नसत्या तर मलाही तसंच वाटलं असतं.

"काकू," मी म्हटलं, "यानंच तर..." पुढचं माझ्यानं बोलवेना.

"मले मालूम हाये," त्या म्हणाल्या. "लई शिव्या देल्ल्या म्या याले मनातल्या मनात. याचं वाटोळं होवो म्हटलं. पन आज तो आवाज आला न बाई, तं मले हा याद नाई आला. तोच आवाज होता. मले वाटलं, अजून टाइम हाये."

भाऊ जागा होता. तोंड भिंतीकडे करून पडला होता, पण ऐकत होता. त्याचे खांदे हलत होते. काकूंनी छातीवरचा हात काढून त्याच्या पाठीवर ठेवला, आणि श्वास मोजणं चालू ठेवलं.

तिथून पुढची गोष्ट चमत्काराची नाही, पण मला ती इंजेक्शनपेक्षाही नवलाची वाटते. डॉक्टरांनी त्याला दवाखान्यातल्याच एका खोलीत नाव लावायला सांगितलं. तिथे रोज सकाळी जिभेखाली ठेवायची गोळी देतात. नर्ससमोर बसून ती विरघळेपर्यंत तोंड मिटून राहायचं, बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही. पहिल्या दिवशी मी सोबत गेले होते. बाकांवर दहा-पंधरा पुरुष बसले होते. एक ट्रॅक्टर मेकॅनिक होता, हाताला ग्रीस लागलेलं. एक कॉलेजचा मुलगा, एक पांढऱ्या केसांचा माणूस, ज्याला मी आजवर लग्नांत पंगतीला वाढताना पाहत आले होते. सगळे गप्प, ओठ घट्ट मिटलेले, विहारात ध्यानाला बसल्यासारखे. एकेकाजवळ जाऊन नर्स म्हणायची, "जीभ उठाओ भैया." तो जीभ वर करून दाखवायचा आणि कामाला निघून जायचा.

आमचे मालक आधी नाराज होते. "एक नशा सुटली अन् दुसरी लागली," असं त्यांनी नर्सला तोंडावरच सांगितलं. नर्सनं विचारलं, "आप बीपी की गोली लेते हैं?" मालक हो म्हणाले. "कब से?" मालकांनी बोटांवर वर्षं मोजली, आणि परत तो विषय काढला नाही.

ती गोळी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत भाऊ आपणहून ताटावर येऊन बसला. पाय झाडणं नाही, पाणावलेलं नाक नाही. झोपला तर नीट झोपायचा. मी तरी उठून-उठून त्याचा श्वास ऐकायची. एवढीशी पांढरी गोळी, तीळगुळाच्या तिळाहून फारशी मोठी नाही, आणि तिनं माझा भाऊ मला पुन्हा बसता-उठता दिला. तो एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात लागला. तांब्याची तार गुंडाळायची, नजर आणि बोटं दोन्ही स्थिर लागतात. आधी त्याला कपात चहा ओतता येत नव्हता.

सगळं सरळ झालं असं नाही. दिवाळीत तो घसरला. मावसभावाचं लग्न जमलं, त्याच्या साक्षगंधाला वारासिवनीला गेला, तिथे जुने दोस्त भेटले, आणि तिथून आल्यावर त्यानं गोळीला जाणं सोडलं. घरीही यायला लाजत होता. काकूंनी मला विचारलं, "कुठं बसते तो?" मला ठाऊक नव्हतं. त्याच त्याला शोधायला वैनगंगेच्या घाटाकडे गेल्या. भावानं नंतर मला सांगितलं की त्या येताना दिसल्या तेव्हा त्याला पळून जावंसं वाटलं होतं. त्या त्याच्याजवळ पायरीवर बसल्या. काही विचारलं नाही, रडल्या नाहीत. पदरानं तोंड पुसून एवढंच म्हणाल्या, "गोळीची खोली एक वाजता बंद होते बाबू. चाल." तो उठला आणि त्यांच्यामागे चालायला लागला.

त्याच हिवाळ्यात फाटकाच्या पलीकडे एक जण गेला. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. त्याच्या बायकोला वाटलं की पिऊन आला आहे, झोपला आहे, घोरतो आहे. उतरेल सकाळपर्यंत. ही बातमी मी काकूंना सांगितली तेव्हा त्या सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. त्या दिवशी जेवल्या नाहीत.

पुढच्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली, बायका उठायला लागल्या, तशा काकू उभ्या राहिल्या. काकू कधी चारचौघांत बोलत नाहीत. मी त्यांच्या शेजारीच होते, पण त्या काय करणार हे मला ठाऊक नव्हतं.

"थोडं बसा," त्या म्हणाल्या. "माह्या पोट्ट्याची गोठ सांगाची हाये. तो कसा गेला ते तुमाले मालूम नाई."

बायका बसल्या. काकूंनी तीच हकिकत सांगितली. वड्याची भाजी, चादर, तोंडावर ठेवलेलं बोट. शेवटी त्या म्हणाल्या, "घोरते म्हनून सोडू नोका. पोट्टा नशा करत असन अन् तसा घोरत असन, तं त्याले हलवा. नाई उठला तं दवाखान्यात न्या."

मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "पन वळखाचं कसं वं? आमचा बुढा तं रोजच घोरते, सारं घर हालवते."

सगळ्या हसल्या. काकूही हसल्या. म्हणाल्या, "बुढ्याचं घोरनं असं असते," आणि त्यांनी म्हाताऱ्याच्या घोरण्याची अशी हुबेहूब नक्कल केली की पोरीबाळी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"अन् हे असं असते."

त्यांनी डोळे मिटले, मान थोडी मागे टाकली. आणि घशातून तो आवाज काढला. जाडसर, ओला, खालून वर येणारा. मग थांबल्या. ती शांतता त्यांनी पूर्ण लांबीची ठेवली, जराही कमी केली नाही. आम्ही सगळ्या पुढच्या श्वासाची वाट बघत राहिलो. तो आला, आधीपेक्षा बारीक. पुन्हा शांतता.

एक आई आपल्या मुलाचा शेवटचा श्वास आपल्या घशातून आमच्यासाठी काढून दाखवत होती. विहारात पन्नास बायका होत्या आणि एकीच्याही बांगडीचा आवाज नव्हता. मघाशी हसणारी ती म्हातारी आता हात जोडून बसली होती.

काकूंनी डोळे उघडले. "आयकलं?" त्यांनी विचारलं. मग दाराकडे बघून हाक मारली, "बाबू, इकडे ये."

माझा भाऊ बाहेर चपलांजवळ उभा होता. त्याला त्यांनीच बोलावून ठेवलं होतं. तो आत आला, मान खाली घालून सगळ्यांच्या मधोमध सतरंजीवर आडवा झाला आणि डोळे मिटले. ज्या बायकांनी त्या अंत्ययात्रेच्या दिवशी त्याच्याकडे पाठ फिरवली होती, त्याच बायकांसमोर. काकू गुडघ्यावर बसल्या. त्याच्या छातीवर मूठ कशी रगडायची, हनुवटी कशी उचलायची, श्वास चालू असेल तर कुशीवर कसं वळवायचं, वरचा गुडघा पुढे कसा दुमडायचा, हे त्यांनी एकेक करून दाखवलं. मग म्हणाल्या, "आता तुमी करा."

आधी कोणी पुढे येईना. मग शेजारीण उठली, तीच, जिला त्या दुपारी काकूंनी तोंडावर बोट ठेवून गप्प केलं होतं. तिनं माझ्या भावाला कुशीवर वळवलं. तिच्यानंतर दुसरी आली, मग तिसरी. एक नवी नवरी आली, तिला पुरुषाच्या अंगाला हात लावायची लाज वाटत होती, तर काकू तिला म्हणाल्या, "भाऊ समज अन् वळव." भाऊ डोळे मिटून पडून होता. प्रत्येकीनं त्याला उताणा केला, प्रत्येकीनं पुन्हा कुशीवर घेतला. त्याच्या मिटलेल्या पापण्यांच्या कडेनं पाणी येत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

आता काकू दुसऱ्या वॉर्डांत जातात, जवळच्या गावांतही जातात. कधी दवाखान्यातली नर्स सोबत असते, कधी आम्ही दोघंच बहीणभाऊ. भावाची गोळी अजून चालू आहे. डॉक्टर म्हणतात घाई नाही. तो सकाळी गोळी घेतो, दिवसभर तार गुंडाळतो, आणि कुठे जायचं असलं की दुकानातून सुट्टी घेऊन काकूंना मोटारसायकलवर बसवून नेतो. सगळीकडे चांगलंच स्वागत होतं असं नाही. एका गावात सरपंचाच्या बायकोनं ऐकवलं की आमच्या इथे असली पोरं नाहीत, तुम्ही उगाच बदनामी करू नका. काकू पिशवी उचलून उठल्या. निघताना दोघी-तिघी बायका वेशीपर्यंत मागे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "काकू, तो आवाज एकदा काढून दाखवा न."

काकूंनी तिथेच, रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली उभं राहून काढून दाखवला.

मोटारसायकलकडे परत चालताना मी त्यांना विचारलं, "काकू, तुमाले त्रास नाई होत? तो आवाज पुन्हा पुन्हा काढाले?"

"होते न," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर जेवन जात नाई." थोडं चालून मग म्हणाल्या, "पन त्याचं काय राह्यलं माह्याजवळ? कपडे देऊन टाकले. फोन बंद पडला. हे एवढंच हाये जे कोनाच्या कामात येते."

भाऊ पुढे मोटारसायकल सुरू करून थांबला होता. काकूंनी पदर कमरेला खोचला आणि मागे बसता-बसता त्याला म्हणाल्या की उद्या रामपायली गावाला सकाळीच निघायचं, पण आधी दवाखान्यातून गोळी घेऊन ये.